तीन रकाने

माझे थोरले काका मागच्या महिन्यात गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, काय सज्जन माणूस होता हो. होताच, मी कुठे नाही म्हणतेय? पण या सज्जन माणसाने आमच्या घराचं जे करून ठेवलं ते एखाद्या बदमाशाला जन्मात जमलं नसतं. चार लोकांत असं बोलणं शोभत नाही, म्हणून मी मूग गिळून चहाचे कप उचलत राहिले. आता सगळे आपापल्या घरी गेलेत, तेव्हा सांगून टाकते.

मी लहान होते तेव्हा काकांसारखं बोलणारं आमच्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या बोलण्यात वस्तूंना स्वभाव असायचे. नळ रुसलेला असायचा. कपाटाचं दार चोंबडं होतं, कुणी हळूच काही काढायला गेलं की लगेच कुरकुरून सगळ्या घराला सांगायचं. जिन्याची चौथी पायरी आगाऊ होती, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय धरायची. ही पायरी खरोखरच एका बाजूला खचलेली होती आणि घरमालकाला शंभरदा सांगूनही त्याने ती दुरुस्त केली नव्हती. काका रोज तिला दम देऊन मगच वर यायचे. माणसांनाही त्यांनी नावं ठेवली होती. माझी बडबड थांबत नसे, म्हणून मी टकळी. माझे बाबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो नुसता ‘धाकट्या’. संध्याकाळी काका कामावरून आले की मी आणि बाबा त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो. काकू चहा टाकायची आणि काका दिवसभरात कोणत्या वस्तूने काय आगळीक केली ते सांगायचे. बाबांना हसून हसून ठसका लागायचा.

काका खोक्यांच्या कारखान्यात होते. पुठ्ठ्याचे मोठाले ताव यायचे आणि त्यांची खोकी होऊन बाहेर जायची. काका दारावर बसून मालाच्या पावत्या फाडायचे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मी सात वर्षांची असताना साहेबांनी त्यांना वर बोलावलं आणि सुरक्षा विभागात अपघातांचे अहवाल लिहायला बसवलं. आठवडाभरातच पहिला अपघात झाला. काकांनी जे पाहिलं ते आपल्या पद्धतीने लिहिलं: ‘कटाईचं प्रेस सकाळपासून हट्टाला पेटलं होतं. दुपारी ते न सांगता खाली आलं आणि नव्या कामगाराची दोन बोटं घेऊन गेलं.’

साहेबांनी तो कागद सगळ्या विभागासमोर मोठ्याने वाचला. लोक पोट धरून हसले. मग साहेब म्हणाले, “काय हो, यंत्र म्हणजे तुमची मेव्हणी आहे का, हट्टाला पेटायला? यंत्र निर्जीव आहे. निर्जीव वस्तू काही करत नाही. जे करतो ते माणूस करतो. माणसाबद्दल लिहा.” असं म्हणून त्यांनी काकांच्या हातात एक छापील कागद ठेवला. त्यावर तीन रकाने होते. कामगाराने काय करायला हवे होते? कामगाराने काय केले नाही? यापुढे कामगार कोणती काळजी घेईल? बस्स. प्रेसची जाळी, बटणं, सैल झालेली वायर, सलग दोन पाळ्यांचं काम, यांतल्या कशालाही रकाना नव्हता आणि रकान्याबाहेर लिहायची सोय नव्हती.

हे सगळं काकांनीच त्या संध्याकाळी साहेबांची हुबेहूब नक्कल करून आम्हाला सांगितलं. “म्हणजे प्रेसने बोटं खाल्ली तर मी लिहायचं, कामगाराने ती वाढायला नको होती!” असं ते म्हणाले आणि बाबांना पुन्हा ठसका लागला. त्या दिवशी ते त्या कागदाला हसत होते, हे मला नक्की आठवतं. म्हणूनच पुढचं सगळं डोक्यात जातं.

वर्षाला तीस-चाळीस तरी कागद भरावे लागत. बोट चेंबलं, पाय घसरला, डोळ्यात तुकडा गेला. काकांचा हात बसत गेला. लवकर काम व्हावं म्हणून त्यांनी एका वहीत तयार वाक्यं उतरवून ठेवली. ‘कामगाराने खाली पाहून चालायला हवे होते.’ ‘कामगाराने चष्मा लावला नाही.’ जखमी माणसाला भेटायला दवाखान्यात गेले की ते सरळ वहीतलंच विचारायचे. कामगार मागून त्यांना ‘तीन रकाने’ म्हणायला लागले. काकांच्या कानावर ते आलं तेव्हा ते खूश झाले. आपण कामात चोख आहोत म्हणून नाव पडलं, असा त्यांचा समज झाला.

मग रकाने घरी आले. आधी आम्हालाही ती गंमतच वाटली. एकदा सायकलच्या ब्रेकची तार तुटली आणि मी गुडघा फोडून घेतला. काकांनी माझ्या गुडघ्याला औषध लावता लावता विचारलं, “निघण्यापूर्वी ब्रेक तपासायला हवा होता की नाही?”

“हो.”

“तपासलास?”

“नाही.”

“मग यापुढे?”

“यापुढे तपासेन,” मी ओरडून म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. तार गंजलेली होती, दुकानदाराने जुनीच बसवून दिली होती, हे मी त्या दिवशी सांगणार होते. पण सांगायची वेळच आली नाही. तिन्ही उत्तरं देऊन झाली की बोलणं संपायचं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा काकू चौथ्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडून बसली. काकांनी धावत जाऊन तिला उचललं, प्लास्टर घालून आणलं, पंधरा दिवस तिचे केससुद्धा स्वतः विंचरले. प्रेमाला कुठे कमी नव्हते ते. पण कुणी भेटायला आलं की सांगायचे, “तिने कठडा धरायला हवा होता. धरला नाही.” मी न राहवून म्हणाले, “काका, पण ती पायरी आगाऊ आहे ना?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत काहीतरी विचारतेय. “पायरी कशी आगाऊ असेल? दगडाची आहे ती,” ते म्हणाले. घरमालकाकडे तक्रार करणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तक्रार करायला आधी ती पायरी दिसावी लागते, आणि त्यांना ती दिसेनाशी झाली होती. दिसत होती ती फक्त काकू आणि तिचा न धरलेला कठडा.

काकूही शिकली. डोकं दुखलं तर सांगायची नाही, कारण सांगितलं की पाणी कमी प्यायलीस का, उन्हात गेलीस का, सुरू व्हायचं. छातीत दुखायला लागलं तेही तिने दोन महिने कुणाला कळू दिलं नाही. माझ्या आईने एकदा तिला भिंतीला टेकून उभं असलेलं पाहिलं. आई ओरडली तेव्हा काकू म्हणाली, “त्यांना सांगू नकोस गं. दुखणं परवडलं, पण ते प्रश्न नकोत.” त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली. काका लहान मुलासारखे रडले. आणि डोळे पुसत भेटायला आलेल्यांना सांगत राहिले, “तिने वेळेवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” तिसरा रकाना तेवढा त्यांना भरता येईना. दुसरं वाक्य संपलं की ते गप्प व्हायचे आणि समोरचा माणूस उठायची वाट बघायचे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला त्यांची कीव आली. आता येत नाही.

माझ्या बाबांना कारखान्यात काकांनीच चिकटवलं होतं. बाबा अकरा वर्षं त्याच कटाईच्या प्रेसवर होते. त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचं, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहायचे. पण त्यात वेळ जायचा. म्हणून मुकादमाने एका बटणावर तपकिरी चिकटपट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मग एका हाताने बटण मारायचं आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा सरकवायचा, काम दुप्पट. सगळ्या कारखान्याला हे ठाऊक होतं. पट्टी सैल झाली की मुकादम चिठ्ठी देऊन नवी मागवायचा, आणि ती मिळायची सुरक्षा विभागाच्या कपाटातून. कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला असायची. वर्षानुवर्षं त्यांनी त्या चिठ्ठ्या घेतल्या आणि पट्ट्या दिल्या, आणि कशासाठी हे एकदाही विचारलं नाही.

मी वीस वर्षांची असताना त्या प्रेसने बाबांचा उजवा हात घेतला. अंगठा आणि त्याच्या बाजूचा थोडा पंजा तेवढा उरला.

सगळ्यात आधी धावत पोचले ते काका. त्यांनीच बाबांना गाडीत घातलं. मी आणि आई दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते, सदरा रक्ताने भरलेला. मला पाहिल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “टकळे, पट्टी होती गं त्या बटणावर,” ते म्हणाले. “प्रेस तसंच खाली आलं. धाकट्याला वेळच दिला नाही त्याने. पट्टी माझ्याच कपाटातली होती गं, माझ्याच.” तेरा वर्षांनी त्यांच्या तोंडून यंत्राने काहीतरी केलं होतं. अशा वेळी असं वाटणं वाईटच, पण मला क्षणभर बरं वाटलं. माझे जुने काका परत आले असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून कामावर गेले आणि त्यांनी कागद भरला. त्याची प्रत आमच्या घरी आली. ‘कामगाराने हात पूर्ण बाहेर आल्याशिवाय बटण दाबायला नको होते. कामगाराने हात पूर्ण बाहेर काढला नाही. यापुढे कामगार दोन्ही हातांची काळजी घेईल.’ दोन्ही हातांची! ते वाचून आई वेड्यासारखी हसत सुटली आणि तिला थांबवता थांबवता मलाच रडू फुटलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कागद घेऊन काकांच्या खोलीत शिरले. “यात पट्टी कुठे आहे, काका?”

“अगं, पट्टीला रकाना कुठे आहे?”

“पण तुम्ही पाहिलीत ना?”

“पाहिली ना. कोण नाही म्हणतंय? कुणी तोंडी विचारलं तर सांगेन की. माझा भाऊ आहे तो, टकळे.”

हे ते इतक्या सरळ मनाने म्हणाले, की मी कागदाची घडी घालून बाहेर आले.

त्या कागदाच्या जोरावर कारखान्याने बाबांना निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढलं. चूक यंत्राची ठरली असती तर त्यांना बसून करायचं हलकं काम आणि भरपाई द्यावी लागली असती. पण बाबांना खरं लागलं ते वेगळंच. ते उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत पुन्हा पुन्हा एकच म्हणत, “मी आपणहून हात घातला नाही. एवढं कुणीतरी लिहावं.” मग मी सरकारी कचेरीत अर्ज केला आणि चौकशी लागली. पट्टी केव्हाच काढून टाकलेली होती, बाबांचा एकट्याचा शब्द पुरणार नव्हता आणि प्रेसवरचे बाकीचे कामगार साक्षीला तयार होईनात. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं होती, मी कुणाला दोष देत नाही. साक्षीदार म्हणून मी एकच नाव लिहिलं, काकांचं. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाचं कारखाना काय वाकडं करणार होता? काका लगेच हो म्हणाले. चौकशीच्या सकाळी त्यांनी बाबांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली आणि म्हणाले, “काळजी करू नकोस, धाकट्या. आज सगळं सांगतो.”

चौकशी कारखान्याच्याच जेवणाच्या खोलीत झाली. टेबल पुसून त्यावर फायली मांडल्या होत्या. एका बाजूला साहेब आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मी. चौकशीला आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या, पण डोळे तीक्ष्ण. त्यांनी काकांचा अहवाल उचलला आणि पालथा घालून बाजूला ठेवला. “हा मी वाचलाय,” त्या म्हणाल्या. “हा विसरा. तुम्ही तिथे सगळ्यात आधी पोचलात. काय पाहिलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही.”

यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळाली नसती. मी टेबलाखाली बाबांचा डावा हात धरला.

काकांनी घसा खाकरला. “कामगाराने,” ते म्हणाले आणि थांबले. बाबांकडे पाहिलं. पुन्हा सुरुवात केली. “कामगाराने हात पूर्ण बाहेर आल्याशिवाय बटण दाबायला नको होते.”

“ते लिहिलंय तुम्ही. तुमचा भाऊ आहे ना हा? भावाला काय झालं ते सांगा.”

काकांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत होते. ते प्रयत्न करत होते, हे मी शपथेवर सांगते. खोलीभर शोधून सापडत नाही तसं चाललं होतं त्यांचं. “त्याने... कामगाराने हात बाहेर काढला नाही,” ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सरळ विचारते. दुसऱ्या बटणावर चिकटपट्टी होती का?”

मुकादमाने मान खाली घातली. साहेबसुद्धा हलले नाहीत. एक ‘हो’ पुरला असता.

“कामगाराने काम सुरू करण्यापूर्वी बटणांची तपासणी करायला हवी होती,” काका म्हणाले.

“म्हणजे पट्टी होती?”

“कामगाराने तपासणी केली नाही.”

“मी पट्टीबद्दल विचारतेय, कामगाराबद्दल नाही.”

“यापुढे,” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “यापुढे कामगार तपासणी करेल.”

मी ताडकन उठले. “खोटारडे आहात तुम्ही!” मी ओरडले. “दवाखान्यात मला काय म्हणालात? सांगा ना यांना!” बाईंनी मला खाली बसायला सांगितलं. काका माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने बघत राहिले, की मी खाली बसले. बाईंनी जे बोललं गेलं तेवढं लिहून घेतलं आणि काकांची सही घेतली.

काका भित्रे असते तर मी त्यांना माफ केलं असतं. कुणी त्यांना धमकावलं असतं तरी चाललं असतं, निदान मला भांडायला कुणी तरी मिळालं असतं. पण त्यांना कुणीच अडवलं नव्हतं. बाई त्यांच्या बाजूच्या, दार उघडं, भाऊ समोर बसलेला, आणि सांगायला त्यांच्याजवळ भाषाच उरली नव्हती. तेरा वर्षांत त्यांनी शब्द घासून घासून असे केले होते, की त्यांतून फक्त माणसाची चूक सांगता येत होती.

फाटकाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. काकांनी रुमालाने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. “सुटलो बुवा,” ते म्हणाले. “एकदाचं सांगून टाकलं.”

मला वाटलं ते आमची थट्टा करताहेत. नव्हते करत. बाबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काकांना ते खरंच वाटतंय हे त्यांना समजलं. “हो दादा,” बाबा म्हणाले. “सांगितलंस तू.”

तीन आठवड्यांनी निकाल आला. साक्षीवरून दोष कामगाराचाच ठरत होता, नोकरी गेली ती गेली. काका आमच्या खोलीत आले, चष्मा लावला आणि निकालासोबत जोडलेली स्वतःची साक्ष वाचायला बसले. एकेका ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. पहिल्यांदा वाचून झाली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, “टकळे, पट्टीचं यात कुठे आहे गं?”

“नाही आहे,” मी म्हणाले.

“असं कसं? मी सांगितलं ना त्यांना.”

बाबा खिडकीपाशी डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायला शिकत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काकांनी तिसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचलं, आपल्या सहीवरून अंगठा फिरवला आणि कागद उलटून मागची कोरी बाजू कितीतरी वेळ बघत राहिले.